सहा जणांच्या स्वयंपाकघरात कमी कर्बोदकांचा आहार: एक प्रकरण

पार्श्वभूमी

मंगलताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) सोलापूरच्या, वय ५२. घरात सहा माणसं: ७८ वर्षांच्या सासूबाई, सहकारी बँकेत नोकरी करणारे यजमान, मुलगा, सून, चार वर्षांचा नातू आणि त्या स्वतः. सून कामाला जाते, त्यामुळे दोन्ही वेळचा स्वयंपाक मंगलताईंच्या हातचा. घर शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा येत नाही. सोमवारचा उपवास लग्नाआधीपासूनचा.

टाइप २ मधुमेह सहा वर्षांपासून. फेब्रुवारीत त्या आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आल्या तेव्हा वजन ७४ किलो, उंची १५२ सेंटीमीटर, एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.९. उपाशीपोटी साखर १६८, जेवणानंतर २५६. मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा, सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि रक्तदाबाची एक गोळी, अशी औषधं. मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक होत्या.

माझ्याकडे येण्याआधी एक प्रयोग होऊन गेला होता. मुलाने मोबाइलवर मिळालेला किटो आहाराचा तक्ता छापून आणला होता. दिवसाला ३० ग्रॅम कर्बोदकं, बदामाच्या पिठाची पोळी, फ्लॉवरचा भात, पनीर, चीज. मंगलताईंनी तो तीन आठवडे मनापासून पाळला. म्हणजे घरच्यांसाठी नेहमीचा स्वयंपाक करून झाल्यावर पुन्हा गॅसपाशी उभं राहून स्वतःचं वेगळं करायचं. पोट साफ होईना, डोकं जड राहायचं. आणि एका सकाळी भाजी मंडईत हातपाय थरथरले, दरदरून घाम आला. शेजारच्या बाईंनी रिक्षात घालून घरी आणलं. ग्लुकोमीटरवर साखर ५८. रोजच्यासारखी ग्लिमेपिराइड घेतली होती आणि नाश्ता म्हणून चार तुकडे पनीर. त्या दिवसापासून तक्ता बंद झाला आणि त्यांनी स्वतःबद्दल निकाल देऊन टाकला: "मॅडम, आपल्याला ते झेपणारं नाही. भाकरी सोडली की मला चक्करच येते."

चक्कर भाकरी सोडल्याने आली नव्हती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात किती अन्न आहे हे न बघता. ताटातली कर्बोदकं एकदम दहापट घटली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर खाली येणारच. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तक्त्यावर तर त्याचा उल्लेखही नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

"मी फक्त दीड भाकरी खाते," हे पहिल्या भेटीतलं वाक्य. असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात, पण भाकरी हे माप नव्हे. मी त्यांना एक आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहायला सांगितलं आणि घरच्या काट्यावर भाकरीच्या पिठाचा गोळा तोलून आणायला सांगितला. गोळा भरला ७० ग्रॅम पिठाचा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६७-६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका भाकरीत सत्तेचाळीस आणि दीड भाकरीत सत्तर ग्रॅम. दोन वेळचे एकशे चाळीस, तेही भात धरण्याआधी.

इथे ज्वारीबद्दल थोडं थांबायला हवं, कारण सोलापूर भागात हा मुद्दा मला रोज भेटतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी म्हणजे आमच्याकडे अभिमानाची गोष्ट, आणि ती आहेच तशी. पण "शुगरला ज्वारी चालते" याचा अर्थ लोक "ज्वारी कितीही चालते" असा घेतात. ज्वारीत तंतू चांगले असतात, पोट भरल्यासारखं वाटतं, हे खरं. एकूण कर्बोदकांच्या हिशेबात मात्र ती गव्हापेक्षा कमी नाही. गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण ६४ असतात. पोळी सोडून तेवढीच भाकरी घेणाऱ्या माणसाची साखर फारशी हलत नाही आणि मग तो आहारालाच दोष देतो.

वहीतून दुसऱ्या तीन गोष्टी वर आल्या. पहिली चहाची. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर केवळ चहातून, आणि सोबत बिस्किटं. दुसरी, जेवणाची वेळ. सगळ्यांचं झाल्यावर, ओटा आवरून, दुपारी अडीचला. सकाळच्या पोह्यांपासून तोवर पोटात काही नाही, त्यामुळे बाराच्या सुमाराला बिस्किटं आणि येता-जाता शेंगदाण्याचा लाडू. तिसरी गोष्ट त्यांनी वहीत लिहिलीच नव्हती, बोलण्यातून कळली: उरलेलं. नातवाने टाकलेली अर्धी पोळी, तळाला राहिलेला भात, संध्याकाळी पाचला त्याच भाताचा फोडणीचा भात. "टाकायचं कसं, मॅडम? अन्न आहे." हे खाणं त्यांच्या लेखी जेवण नव्हतंच.

सगळं मिळून दिवसाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे एकूण ऊर्जेच्या जवळपास ७० टक्के. यात त्या एकट्या नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक घरांचं प्रमाण ६० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असतं.

समोर असलेले पर्याय

किटो पुन्हा, या वेळी देखरेखीखाली. हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला. मांसाहारी माणसाला ३० ग्रॅममध्ये दिवस काढता येतो. शाकाहारी घरात प्रथिनांचा मुख्य आधार डाळ-कडधान्यं, आणि तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनांबरोबर ५५ ग्रॅम कर्बोदकंही येतात. डाळ गेली की पनीरशिवाय हाताशी फार काही उरत नाही आणि रोज पनीर या घराच्या खर्चात बसणारं नव्हतं. शिवाय दोन स्वयंपाक. मंगलताईंचा पहिला प्रयोग खरा तिथेच मोडला होता, इच्छाशक्तीचा त्यात काही संबंध नव्हता.

दिवसातून दोनच वेळा जेवण. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे ही पद्धत महाराष्ट्रात घराघरांत पोचली आहे आणि मंगलताईंच्या भिशीतल्या दोघी ती पाळत होत्या. अधलं-मधलं खाणं आणि गोड चहा बंद होणं ही यातली मोठी जमेची बाजू, आणि नेमकं तेच त्यांना हवं होतं. पण ग्लिमेपिराइड चालू असताना जेवणांत मोठं अंतर टाकणं धोक्याचं होतं. आणि दोनच वेळा जेवायचं म्हटल्यावर त्यांच्या ताटात दीडाच्या दोन भाकरी होतील, ही शंका त्यांनीच बोलून दाखवली.

औषध वाढवणं. त्यांच्या डॉक्टरांनी हा विचार मांडला होता. मंगलताईंची तयारी नव्हती आणि आहारात एवढी जागा शिल्लक असताना घाई करू नये असं डॉक्टरांनाही वाटलं.

मध्यम घट, टप्प्याटप्प्याने. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीतल्या १८,०९० प्रौढांच्या माहितीवर २०२२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मधुमेह आटोक्यात येण्यासाठी कर्बोदकं ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनं १९ ते २० टक्के असं प्रमाण सुचवलं होतं. आपल्या ताटासाठी हा आकडा मला वास्तवातला वाटतो. आम्ही पहिला टप्पा २०० ग्रॅमचा ठरवला, म्हणजे साधारण ५० टक्के. तो अंगवळणी पडला तर दुसरा १५० ग्रॅमचा. त्याखाली जायचं की नाही, हे रिपोर्ट बघून.

पहिला निर्णय: आधी गोळी, मग भाकरी

आहाराला हात लावण्याआधी डॉक्टरांशी बोलणं झालं. ग्लिमेपिराइड २ वरून १ मिलिग्रॅमवर आली. पहिले पंधरा दिवस सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणाआधी साखर तपासून लिहायची. ७० च्या खाली गेली किंवा थरथर, घाम, धडधड जाणवली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मंडईच्या पिशवीत साखरेची पुडी. हे सुनेलाही समजावून सांगितलं.

वाचणाऱ्यांपैकी कुणी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेत असेल तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. ही औषधं हल्ली बऱ्याच जणांना दिली जातात. त्यांच्यासोबत कर्बोदकं अगदी कमी केली, तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. अशा माणसाने डॉक्टरांना न विचारता किटोच्या वाटेला जाऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही तसंच.

एप्रिलमध्ये उपाशीपोटी साखर सलग १२० च्या आसपास येऊ लागली, तेव्हा ग्लिमेपिराइड बंद झाली. मेटफॉर्मिन तशीच राहिली.

दुसरा निर्णय: ताटाऐवजी पातेलं

सुरुवातीला मी त्यांना नेहमीप्रमाणे ताट कसं मांडायचं ते सांगितलं. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ-डाळ-दही, पाव भाग भाकरी किंवा भात. दहा दिवसांनी वही बघितली तर ताट बदललेलं होतं, उरलेलं खाणं मात्र तसंच होतं. भात ताटातून गेला आणि पाच वाजता फोडणी होऊन परत आला.

मग आम्ही कुकरपाशी गेलो. दुपारी घरी जेवणारी माणसं तीन: सासूबाई, नातू, त्या. तांदूळ लागायचे दोन वाट्या. इतके का, तर कुणी आलं-गेलं तर असावा म्हणून. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता आणि तो पोषणाचा नव्हताच. पाहुणा आला आणि भात कमी पडला, तर घरच्या बाईची लाज जाते, ही भीती त्यात होती. त्यावर सुनेने सुचवलं की एक वाटीच लावायचा. पाहुणा आला तर तो चहा पिईपर्यंत दुसरा कुकर होतो. एक वाटी तांदळाने भात उरेनासा झाला, आणि फोडणीचा भात सोडायचा निश्चय कुणाला करावाच लागला नाही.

चहाचंही तसंच. "साखर पातेल्यातच पडते की, मॅडम. माझ्या एकटीचा वेगळा चहा कोण करणार?" वेगळा चहा करायची गरजच नव्हती. बिनसाखरेचा चहा सगळ्यांचा एकत्र उकळायचा, गाळल्यावर ज्याच्या त्याच्या कपात साखर. स्वतःच्या कपात त्यांनी दोन चमच्यांचा एक, एकाचा अर्धा करत मे महिन्यापर्यंत साखर थांबवली. चार कपांचे तीन झाले, बिस्किटांचा डबा नातवापुरता राहिला.

भाकरीने मात्र घोळ घातला. लहान भाकरी थापायला त्या तयार नव्हत्या. मोठी, गोल, कडेपर्यंत पातळ भाकरी हा त्यांच्या हाताचा लौकिक. अर्धी भाकरी खाऊन उठायचं तर सासूबाई म्हणायच्या, "अर्ध्यात काय उठतीस?" उपाय त्यांनी स्वतःच काढला. नातवासाठी रोज शेवटी एक चानकी, म्हणजे छोटी भाकरी, थापली जायचीच. त्यांनी दोन थापायला सुरुवात केली, दुसरी स्वतःची. गोळा ४० ग्रॅमचा, कर्बोदकं २७ ग्रॅम. अख्खी भाकरी खाल्ल्याचं समाधान होतं आणि अर्ध्यात उठायचा प्रश्न मिटला.

कमी केलेल्याच्या जागी काय आलं, हे तितकंच महत्त्वाचं. नुसतं कमी करत गेलं की माणूस चार दिवसांत उपाशी राहून वैतागतो. नाश्त्याला पोह्यांऐवजी मूगडाळीची धिरडी किंवा मटकीची उसळ, त्यावर कांदा-लिंबू. जेवणात अंबाडी, चाकवत, मेथी यांपैकी एखादी पालेभाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा हुलग्याची (कुळथाची) उसळ, दही. आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्यांची रस्साभाजी, एकदा पनीर. शेंगाचटणी आमच्याकडे तोंडी लावायला असते. तिचं प्रमाण मी मुद्दाम वाढवलं, दोन मोठे चमचे. पोट साफ राहायला जवसाची चटणी आणि पाणी. हे सगळं घरातले सगळेच खाऊ लागले. सासूबाईंचा मऊ भात आणि नातवाची पोळी यांना हात लावला नाही. वाढत्या मुलाला आणि अशक्त म्हाताऱ्या माणसाला या आहाराची गरज नव्हती.

जेवणाची वेळ बदलायला सर्वांत जास्त दिवस लागले. सासूबाईंबरोबर एक वाजताच जेवायला बसायचं, ओटा नंतर आवरायचा. त्यासाठी यजमानांना बोलावून बसवावं लागलं. दुपारी बँकेत असल्याने त्यांना हे माहीतच नव्हतं.

सोमवार आणि सणवार

उपवास सोडा असं मी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. अडचण उपवासाची नव्हती, साबुदाण्याची होती. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाच, आणि खिचडीच्या एका ताटलीत दिवसाच्या ठरलेल्या कर्बोदकांतली निम्मी संपतात. त्याऐवजी सोमवारी लहान वाटीभर भगर आणि भरपूर दाण्याची आमटी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ताक, संध्याकाळी दही आणि भाजलेले शेंगदाणे. श्रावणात पाहुण्यांसाठी खिचडी झाली तेव्हा त्यांनी चार चमचे घेतली. बाकी ताट तेच ठेवलं.

सणांसाठी त्यांचा स्वतःचा नियम: एक पदार्थ, मनाजोगता, एका वेळी, आणि पुढच्या जेवणाला परत चानकी. डिसेंबरात येळवसेला (वेळ अमावस्येला) शेतात गेल्या तेव्हा आंबील आणि भज्जी (मिश्र भाजी) घेतली, गव्हाची खीर चाखून ठेवली. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतही तसंच.

अडखळलं ते दोन ठिकाणी

जूनमध्ये वजन हलेनासं झालं. वहीत काही सापडेना. शेवटी कळलं की भूक लागली की शेंगदाणे "चालतात" म्हणून मूठ-मूठ जात होते, दिवसाला शंभर ग्रॅमपर्यंत. कर्बोदकं कमी, पण ऊर्जा साडेपाचशे कॅलरींच्या वर. दाणे वाटीत मोजून काढायचे ठरलं, तीस ग्रॅम. त्याच सुमारास मुलाने खास मधुमेहींसाठीचं म्हणून महागडं पीठ आणलं होतं. पाकिटामागचा तक्ता वाचला तर कर्बोदकं साध्या पिठाच्या जवळपासच. ते सगळ्यांच्या पोळ्यांत संपवलं.

सप्टेंबरात गणपतीच्या दिवसांत सासूबाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मंगलताई दोन आठवडे रुग्णालयात त्यांच्या उशाशी. इडली, पोहे, कँटीनचा गोड चहा, रात्रीची जागरणं. नोव्हेंबरात एचबीए१सी ७.१ वरून ७.४ झालं. ग्लिमेपिराइड पुन्हा सुरू करायची का, हा प्रश्न आला. डॉक्टरांचं मत होतं की वाढ कशामुळे झाली हे स्पष्ट आहे, घरची घडी बसत आली आहे, सहा आठवडे ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवून थांबू. तोवरचे आकडे १३० च्या आत राहिले म्हणून गोळी टळली. ते तसे राहिले नसते तर ती घ्यायची, हेही आधीच ठरलं होतं.

निकाल

वर्षभरानंतर, फेब्रुवारीत: एचबीए१सी ६.९, वजन ६७.५ किलो, उपाशीपोटी साखर ११२ ते १२५. ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन चालू. मधुमेह गेलेला नाही. कर्बोदकं बहुतेक दिवस १५० ग्रॅमच्या आसपास, आठवड्यातून एखाद-दोन दिवस दोनशे. साखर खाली जाण्याचा प्रसंग वर्षभरात पुन्हा आला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

घरच्यांची बैठक पहिल्याच महिन्यात घ्यायला हवी होती. कुकरचा आणि चहाचा प्रश्न सुटला तो सून आणि यजमान बोलण्यात आल्यावर. त्याआधीचे पाच-सहा आठवडे मंगलताई एकट्याच झटत होत्या. आता स्वयंपाक करणारी बाईच रुग्ण असेल, तर दुसऱ्या भेटीला घरातलं आणखी कुणीतरी सोबत हवं, असा माझा आग्रह असतो.

घराबाहेरच्या दिवसांसाठी काहीच ठरलेलं नव्हतं. भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, ताक आणि घरून एक वेळचा डबा एवढं जरी कागदावर असतं, तरी सप्टेंबर इतका जड गेला नसता. आता तो कागद त्यांच्या फ्रीजवर लावलेला आहे.

व्यायाम उशिरा आला. जेवणानंतर पंधरा मिनिटं गच्चीवर चालणं ऑक्टोबरात सुरू झालं आणि जेवणानंतरचे आकडे लगेच खाली आले. हे मार्चमध्येच करता आलं असतं.

२०० ग्रॅमचा टप्पा वगळून थेट १५० वर जायला हवं होतं का, यावर डॉक्टरांचं आणि माझं एकमत नाही. त्यांच्या मते दोन महिने वाचले असते. माझ्या मते आदल्या प्रयोगाची भीती त्या दोन महिन्यांत गेली, आणि ती गेल्याशिवाय पुढचं काही झालं नसतं.

मार्चच्या भेटीला मंगलताईंसोबत यजमान आले होते, स्वतःचा रिपोर्ट घेऊन. एचबीए१सी ६.१. त्यांचं दुपारचं जेवण डब्यातलं आणि चार वाजताचा वडापाव बँकेखालच्या गाडीवरचा, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागणार आहे. आठवडाभराची वही लिहायला त्यांना दिली आहे.